मोठ्या दगडी हत्याराचा उपयोग कसा ठरवावा: उचलण्याआधीपासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत

मोठं दगडी हत्यार हाती आलं की बहुतेक जण ते मुठीत धरतात, हवेत दोन वार करून पाहतात आणि ठरवून मोकळे होतात की याने जनावर मारत असणार. दुसरा प्रकार म्हणजे आकार पुस्तकातल्या चित्राशी जुळवायचा, चित्राखालचं नाव उचलायचं आणि नावावरून काम ठरवायचं. 'हातकुऱ्हाड' आहे ना, मग झाडं तोडत असतील! ही नावं आकाराला दिलेली आहेत, कामाला नाहीत. तरीही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आणि हौशी अभ्यासकांच्या टिपणांत ही चूक इतकी दिसते की कामाचा क्रम एकदा नीट लिहून काढणं भाग पडलं.

इथे 'मोठं' म्हणजे ढोबळमानाने १० सेंमीपेक्षा लांब हत्यार: हातकुऱ्हाडी, रुंद सरळ धारेचे क्लीव्हर, गोट्याच्या एका बाजूला धार काढलेली तोडहत्यारं, आणि पुढच्या काळातल्या घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी. ठोकण्याचे, ऐरणीचे आणि दळणाचे दगडही यातच धरले आहेत. लोक त्यांना हत्यारांत मोजायला विसरतात.

टप्प्यांचा क्रम बदलू नका. पुढचा टप्पा आधी उरकला की मागच्याचा पुरावा बऱ्याचदा नष्ट होतो.

## तयारी

प्लास्टिकचा कॅलिपर, वजनकाटा, कोनमापक, १० पटीचं भिंग, बाजूने उजेड पाडता येईल असा दिवा, पावडर नसलेले हातमोजे, स्वच्छ पिशव्या आणि पेन्सिल एवढं पुरतं. धातूचा कॅलिपर नको. तो दगडाच्या कडेवर करडी रेघ सोडतो आणि पातळ धारेचा कण उडवतो. हातमोजे पावडरवाले असतील तर त्या पावडरीत अनेकदा मक्याचा स्टार्च असतो. तो दगडावर बसला की पुढे सूक्ष्मदर्शकाखाली 'वनस्पतीचे अवशेष' म्हणून दिसतो.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जे दिसतं ते, उजवीकडे त्याचा होऊ शकणारा अर्थ. 'टोक ठेचलेलं, दोन्ही बाजूंनी कण उडालेले' हे डावीकडे जातं. 'टोकाने हाड फोडलं' हे उजवीकडे. नवखा माणूस थेट उजवीकडचं वाक्य लिहितो आणि महिन्याभराने त्याला स्वतःलाच आठवत नाही की नक्की काय दिसलं होतं. उजवा रकाना पाचव्या टप्प्यापर्यंत कोरा राहिला तरी चालेल.

## टप्पा १: जागेवर असतानाच नोंद घ्या

बहुतेक ठिकाणी कायद्याने असं हत्यार उचलायला परवानगी लागते. ती नसेल तर फोटो, जागेची नोंद आणि संबंधित पुरातत्त्व खात्याला कळवणं, एवढ्यावर थांबा. अधिकृत उत्खननात किंवा सर्वेक्षणात सहभागी असाल तरच पुढे जा.

नोंदीत काय हवं? हत्यार कोणत्या थरात होतं, आडवं की उभं, कोणती बाजू वर होती आणि शेजारी काय होतं: हाडं, छिलके (दगड घडवताना उडणारे पातळ तुकडे), गोटे, की काहीच नाही. मोजपट्टी आणि उत्तर दिशेची खूण ठेवून फोटो घ्या. हत्याराखालची चिमूटभर माती एका पिशवीत आणि काही मीटरवरची, हत्याराचा संबंध नसलेली माती दुसऱ्या पिशवीत भरा. ही दुसरी पिशवी आठव्या टप्प्यात जीव की प्राण ठरते, आणि नेमकी तीच घ्यायची राहते.

उपयोगाबद्दलचा सगळ्यात भक्कम पुरावा बऱ्याचदा हत्यारावर नसतोच, तो शेजारी असतो. इंग्लंडमधल्या बॉक्सग्रोव्ह इथे सुमारे ५ लाख वर्षांपूर्वी घोड्याचं मांस काढलं गेलं, हे हातकुऱ्हाडींच्या आकारावरून कळलेलं नाही. हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या आणि तिथेच बसून हत्यार घडवताना उडालेले छिलके जागच्या जागी पडलेले होते. कर्नाटकातल्या इसामपूरची गोष्ट उलटी. तिथे चुनखडीच्या लाद्यांपासून हत्यारं घडवण्याची जागाच सापडली. अशा जागी मिळालेला मोठा तुकडा पूर्ण हत्यार असेल, अर्धवट सोडलेला असेल किंवा बिघडला म्हणून टाकलेलाही असेल. अर्धवट तुकड्याचा उपयोग शोधत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

पडताळा: जमिनीच्या पृष्ठभागावर सुटं सापडलेलं हत्यार असेल तर वहीत ठळक लिहा, 'संदर्भ नाही'. अशा हत्याराबद्दल शेवटी 'शक्य आहे' याच्या पलीकडे सहसा जाता येत नाही.

## टप्पा २: धुऊ नका, घासू नका

धुण्याची घाई सगळ्यांना असते, कारण माती निघाली की हत्यार देखणं दिसतं. पण त्या मातीखालीच चरबीचे अंश, वनस्पतींचे कण आणि स्टार्च अडकलेले असू शकतात. ब्रशने घासलं की वापराने धारेवर चढलेली सूक्ष्म चकाकीही बिघडते. अवशेषांची तपासणी होणार असेल तर हत्याराचा निदान अर्धा भाग मातीसकट तसाच राहू द्या. होणार नसल्याची खात्री असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, माती आपोआप सुटू द्या, आणि निघालेला गाळ बाटलीत भरून ठेवा.

सावध: जुन्या संग्रहातली हत्यारं हा वेगळा प्रश्न आहे. ती घासून धुतलेली असतात, त्यांच्यावर शाईने आकडे घातलेले आणि वर वार्निश चढवलेलं असतं, शिवाय खणात एकमेकांवर आदळून त्यांच्या कडा तुटलेल्या असतात. त्यांचं मोजमाप करा, आकार अभ्यासा. झिजेवरून मात्र फार बोलू नका.

## टप्पा ३: माणसाने घडवलंय का, आणि घडवून संपलंय का

नदीच्या प्रवाहात आपटूनही गोटे फुटतात. घडवलेल्या हत्यारावर छिलका निघाल्याचे उथळ खळगे कडेकडून आत जातात, एकमेकांवर शिस्तीत चढतात आणि त्यातून एक धार किंवा टोक तयार होतं. नदीने फोडलेल्या गोट्यावर खळगे कुठेही असतात आणि त्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. शंका राहिली तर जाणकाराला दाखवा, फोटोवरून ठरवू नका.

ठोकण्याच्या आणि ऐरणीच्या दगडांना मात्र हा नियम लावता येत नाही. ते कुणी घडवलेलेच नसतात, वापरून वापरून त्यांच्यावर खुणा पडतात. इस्रायलमधल्या गेशेर बनोत याकोव्ह इथे सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचे खोलगट खड्डे पडलेले दगड मिळाले. त्याच थरांत कठीण कवचाच्या फळांचे अवशेषही होते, म्हणून ते दगड कवच फोडायला वापरले असावेत असं म्हणता आलं. घडवण्याची खूण नाही म्हणून ते दगड बाजूला टाकले असते तर हा पुरावाच हातचा गेला असता.

## टप्पा ४: नंतर झालेली तूट वेगळी काढा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. आणि लोक सर्रास गाळतात तोही हाच टप्पा.

हत्यार टाकून दिल्यानंतर लाखो वर्षं त्याच्यावर काही ना काही घडत राहतं. जनावरांचे पाय पडतात, पाण्यात वाळू घासते, दगड दगडावर दाबला जातो, शेवटी नांगराचा फाळ लागतो. यातल्या प्रत्येकाने धार तुटते. हे वेगळं न काढता झीज वाचायला बसलात तर नांगराने केलेल्या कामाचं श्रेय आदिमानवाला जाईल.

दिवा बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवा. खोलीतला बाकीचा उजेड कमी करा. आता हत्यार हळूहळू फिरवा आणि एकेका खळग्याचा रंग पाहा. काळाने दगडावर एक पुट चढतं, त्याला पॅटिना म्हणतात. तपकिरी पुट चढलेल्या कडेवर एखादा खळगा आतून फिक्कट, कोरा, धारदार दिसला तर ती ताजी तूट आहे. उंचवट्यावर गंजाच्या रंगाची बारीक रेघ दिसली आणि तिच्या टोकाशीच असा कोरा खळगा असला, तर लोखंड घासलं गेल्याची ती खूण. तो भाग चित्रात लाल रंगाने भरा आणि उपयोगाच्या विचारातून काढून टाका.

पायदळी तुडवलं गेल्याच्या खुणा ओळखायला थोडा सराव लागतो. खळगे सगळ्या कडांवर विखुरलेले, लहानमोठे, कुठल्याच क्रमाशिवाय असतील आणि ओरखडे वाट्टेल त्या दिशेने जात असतील, तर ती बहुधा तुडवणूक आहे. वापरामुळे पडणाऱ्या खुणा धारेच्या ठरावीक भागात एकवटतात आणि त्यांना दिशा असते. वाळू-पाण्याने झिजलेल्या हत्याराचे उंचवटे सगळीकडे सारखेच गोल झालेले असतात. बोट फिरवलं की साबणाच्या वडीसारखं लागलं, तर सूक्ष्म झिजेची आशा सोडा.

पडताळा: आता तुमच्याकडे हत्याराच्या दोन्ही बाजूंचं चित्र हवं, त्यात नंतरची तूट लाल, संशयास्पद भाग पिवळा आणि खात्रीचा जुना भाग कोरा. कोऱ्या भागात धार उरलेलीच नसेल तर झिजेचा टप्पा वगळा.

## टप्पा ५: वजन, धार, कोन आणि पकड

लांबी, रुंदी, जाडी आणि वजन घ्या. मग धारेचा कोन प्रत्येक २ सेंमीवर मोजा, कारण मोठ्या हत्याराला एकच धार क्वचित असते. ढोबळ हिशोब असा: ३५ अंशांच्या आतली धार चांगली कापते, पण कठीण वस्तूवर तिचे तुकडे लगेच उडतात. ४० ते ६० च्या आसपासची धार तासायला आणि बऱ्याच मिश्र कामांना चालते. ६० च्या पुढे कापणं जवळपास थांबतं. तोडणं, ठेचणं, जोराने खरवडणं उरतं. हे आकडे दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत.

क्लीव्हरमध्ये एक गोष्ट नीट पाहा. त्याची आडवी रुंद धार बहुतेक वेळा घडवलेली नसते, मोठा छिलका काढतानाच ती मिळालेली असते आणि कारागीर तिला हात लावत नाही. बाजू मात्र ठोकून नीट केलेल्या असतात. म्हणजे सगळी मेहनत पकडीसाठी आणि धार जपण्यासाठी घेतलेली.

पकडीचा विचार करताना आपला हात प्रमाण धरू नका आणि एका हातावर अडूनही बसू नका. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, फ्रिंड्सबरी इथे सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीची २९.६ सेंमी लांबीची हातकुऱ्हाड सापडली. एवढं धूड एका हातात धरून बारीक काम करणं अवघडच. पण दोन हातांनी धरता येतं. धार वर करून जमिनीत किंवा मांडीवर स्थिर ठेवता येतं आणि वस्तूच तिच्यावर ओढता येते.

म्हणून प्रत्येक मोठ्या दगडापुढे हा प्रश्न विचारा: हलत काय होतं, हत्यार की वस्तू? केनियातल्या लोमेक्वी ३ या ठिकाणी सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची जी हत्यारं मिळाली त्यांतले काही दगड १५ किलोपर्यंतचे आहेत. तेवढा दगड कुणी उचलून फिरवत नव्हतं. तो ऐरणीसारखा जमिनीवर राहायचा आणि दुसरा दगड त्यावर आपटायचा.

सावध: आज दिसतो तो आकार हत्याराचा शेवटचा आकार आहे. धार बोथट झाली की पुन्हा छिलके काढून ताजी केली जाते आणि हत्यार लहान, जाड, बुटकं होत जातं. टोकाजवळचे खळगे बुडाजवळच्या खळग्यांना कापून जात असतील तर धार पुन्हा काढल्याची शक्यता वहीत लिहा.

## टप्पा ६: शक्यतांची यादी करा, आवडती एक निवडू नका

आता उजवा रकाना भरायला घ्या. निदान चार शक्यता लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे हे लिहायचं: ती खरी असेल तर हत्यारावर काय दिसायला हवं? हे न लिहिलेली शक्यता खोडून टाका.

मांस आणि कातडं. मोठ्या हत्यारांच्या उपयोगांत हा सगळ्यात चांगला पुरावा असलेला गट आहे. लांब धार, पकडीला भरपूर जागा आणि स्वतःचं वजन यामुळे मोठ्या जनावराच्या सांध्यांवर हातकुऱ्हाड सोयीची पडते. पण 'हत्ती कापायला मोठंच हत्यार हवं' हा गैरसमज आहे. पुरातत्त्वज्ञ कॅथी शिक आणि निकोलस टॉथ यांनी नैसर्गिकरीत्या मेलेल्या हत्तीवर प्रयोग करून दाखवलं की त्याचं जाड कातडं साध्या लहान छिलक्यांनीही कापता येतं. तेव्हा मोठ्या हत्याराचा फायदा शोधायचा असेल तर तो बराच वेळ चालणाऱ्या जोराच्या कामात शोधा.

लाकूड. तोडणं, साल काढणं, भाल्याला टोक काढणं. टांझानियातल्या पेनिंज इथल्या सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडींवर बाभळीच्या कुळातल्या झाडांचे फायटोलिथ, म्हणजे वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, सापडले. लाकडी वस्तू कुजून जातात, त्यामुळे हा उपयोग नेहमीच कमी लेखला जातो. माझ्या मते यादीत तो मांसाच्या बरोबरीने असायला हवा.

खणणं. कंद, मुळं, बिळं. टोक गोल झालेलं आणि टोकाकडून मागे, लांबीच्या दिशेने जाणारे ओरखडे, अशी अपेक्षा ठेवा. नुसतं टोक बोथट आहे एवढं पुरत नाही. आणि खणायला टोकदार काठी दगडापेक्षा सोपी असते, हे विसरू नका.

ठोकणं, फोडणं, दळणं. खड्डे, ठेचलेले पट्टे, सपाट झालेली गुळगुळीत जागा. इथे आकार किती फसवतो याचं उदाहरण म्हणजे दगडी गोळे. पूर्व आफ्रिकेत उत्खनन करणाऱ्या लुई लीकी यांना वाटलं की दोरीला बांधून जनावराच्या पायात फेकायचे ते गोळे असावेत. पुढे शिक आणि टॉथ यांनी क्वार्ट्‌झचे दगड हातोड्यासारखे तासन्‌तास वापरून पाहिले, तर ते आपोआप गोल होत गेले. इस्रायलमधल्या केसेम गुहेतले गोळे तपासले तेव्हा हाडं फोडून आतली मज्जा काढल्याच्या खुणा निघाल्या.

गाभा म्हणून. हत्यार वाटतं ते कदाचित छिलके काढून घ्यायचं भांडारच असेल. खळगे मोठे, आतपर्यंत गेलेले आणि धार मात्र वेडीवाकडी, न वापरलेली असेल तर ही शक्यता वरच्या क्रमांकावर न्या.

फेकणं. ही कल्पना लोकांना फार आवडते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आयलीन ओब्रायन यांनी केनियातल्या ओलोर्गेसायली इथल्या हातकुऱ्हाडीची प्रतिकृती खेळाडूंकडून थाळीसारखी फेकवून घेतली आणि ती पुष्कळदा धारेवर उतरली. फेकता येते एवढं त्यातून सिद्ध झालं. फेकत होते हे सिद्ध व्हायला जोराने आदळल्याच्या खुणा असलेली हातकुऱ्हाडींची मोठी संख्या लागेल.

दाखवण्यासाठी. मारेक कोन आणि स्टीव्हन मिथेन यांनी १९९९ मध्ये मांडलं की सुबक, सममित हातकुऱ्हाड जोडीदारावर छाप पाडायला घडवली असेल. पुढे जनावरांवर केलेल्या प्रयोगांत सममिती वाढली म्हणून कापण्याचं काम फारसं सुधारलं नाही. म्हणजे सममितीचं कारण काहीतरी वेगळं असू शकतं, पण ते जोडीदारच आहे असं त्यातून निघत नाही. 'विधीसाठी' आणि 'प्रतिष्ठेसाठी' या शक्यता यादीच्या तळाशी ठेवा. धार अजिबात न वापरलेली आहे, हत्यार मुद्दाम ठेवलेलं दिसतं आणि तसं ते एकटंच नाही, एवढं जुळलं तरच त्यांना वर आणा.

## टप्पा ७: झीज वाचा

आधी भिंगाने, मग जमेल तर सूक्ष्मदर्शकाने. सर्गेई सेम्योनोव्ह यांच्या १९५७ मधल्या कामानंतर ही पद्धत रूढ झाली आणि लॉरेन्स कीली यांनी १९७० च्या दशकात जास्त शक्तीचा सूक्ष्मदर्शक वापरून ती सूक्ष्म चकाकीपर्यंत नेली.

या क्रमाने पाहा:

1. खळगे धारेच्या एकाच बाजूला आहेत की दोन्ही? तासण्यात बहुतांशी एका बाजूला, कापण्यात दोन्ही बाजूंना.
2. ओरखडे धारेला समांतर की आडवे? समांतर म्हणजे करवतीसारखी मागेपुढे हालचाल, आडवे म्हणजे खरवडणं किंवा तासणं.
3. खळग्याचा शेवट कसा? पातळ होत विरून गेलेला असेल तर वस्तू मऊ. पायरीसारखा अचानक तुटलेला असेल तर हाड, शिंग, सुकं लाकूड असं काही कठीण.
4. चकाकी. कातड्याने धार गोल आणि मंद होते, लाकडाने आणि सिलिकायुक्त गवताने ती उजळते, मांसाने इतकी पुसट येते की बऱ्याचदा दिसतच नाही.

कीली आणि मार्क न्यूकमर यांनी १९७७ मध्ये घेतलेली आंधळी चाचणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. न्यूकमर यांनी हत्यारं घडवून वापरली, कशावर ते सांगितलं नाही, आणि कीली यांनी ओळखायचं होतं. कोणता भाग वापरला हे सगळ्यात चांगलं ओळखता आलं, हालचाल त्याखालोखाल, आणि कोणत्या वस्तूवर हे सगळ्यात कमी. तुमच्या निष्कर्षातही खात्रीची उतरंड हीच असायला हवी.

सावध: ही सगळी लक्षणं मुख्यतः फ्लिंट-चर्टसारख्या बारीक पोताच्या दगडावर घडवून तपासली गेली. मोठी हत्यारं बरेचदा क्वार्टझाइट, बेसाल्ट अशा भरड दगडांची असतात. त्यांच्यावर चकाकी तुटक दिसते आणि बेसाल्टचा पृष्ठभाग तर हवापाण्याने सुटून निघून गेलेला असतो. खुणा दिसत नाहीत याचा अर्थ वापरलंच नाही, असा काढू नका.

## टप्पा ८: अवशेषांवर विश्वास, पण पुराव्यानिशी

हा टप्पा प्रयोगशाळेचा आहे, तुमचं काम नमुना शुद्ध ठेवण्याचं. इथेच पहिल्या टप्प्यातली ती दुसरी पिशवी लागते. हत्याराच्या धारेवर जे कण आहेत तेच आजूबाजूच्या मातीत तितकेच असतील तर ते मातीतून आले. धारेवर जास्त, मधल्या भागावर कमी आणि मातीत नगण्य असतील, तरच वापराशी संबंध जोडा.

चांगलं उदाहरण इस्रायलमधल्या रेवादिमचं. तिथे एका हातकुऱ्हाडीवर आणि एका तासणीवर प्राण्यांच्या चरबीचे अंश मिळाले, झिजेच्या खुणा त्याला जुळल्या, आणि त्याच ठिकाणी कापल्याच्या खुणा असलेलं हत्तीचं हाड होतं. तीन स्वतंत्र गोष्टी एका दिशेने गेल्या म्हणून २०१५ मध्ये ते मांडता आलं. नुसती चरबी असती तर शोधनिबंध इतका पटला नसता. मला तरी नाही.

## टप्पा ९: प्रतिकृती वापरून पाहा

प्रतिकृती त्याच जातीच्या दगडाची, तेवढ्याच वजनाची आणि धारेच्या तेवढ्याच कोनाची हवी. चर्टची हातकुऱ्हाड वापरून बेसाल्टच्या हत्याराबद्दल बोलता येत नाही. वापरण्याआधी धारेचे फोटो घ्या. हे राहिलं तर नंतर कोणता खळगा घडवतानाचा आणि कोणता वापरातला हे कळायचा मार्गच राहत नाही. एका प्रतिकृतीने एकच काम, एकच हालचाल. ठरावीक वार झाले की थांबून पुन्हा फोटो. मांस कापून झाल्यावर त्याच धारेने लाकूड तासलं तर सगळा प्रयोग बाद.

मोठी गफलत होते ती सवयीने. आपल्याला लोखंडी कुऱ्हाड माहीत असते, म्हणून आपण खांद्यापासून जोराने वार करतो. डेन्मार्कमधल्या ड्राव्हेडच्या जंगलात १९५० च्या दशकात नवाश्मयुगीन फ्लिंटच्या कुऱ्हाडींनी झाडं तोडून पाहिली, तेव्हा असे मोठे वार धार तोडत होते. कोपरातून मारलेले छोटे, जलद वार चालले. तेव्हा 'प्रतिकृतीने काम जमलं नाही' असं लिहिण्याआधी हाताची पद्धत दोन-तीन प्रकारे बदलून पाहा.

सावध: घडवताना चष्मा, मांडीवर जाड चामडं आणि उघडी हवा हवीच. सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते आणि दुखणं बऱ्याच वर्षांनी कळतं. दुसरं म्हणजे प्रतिकृतीवर न पुसणारी खूण करा आणि उडालेले छिलके गोळा करा. पुरायचे असतील तर सोबत चालू सालचं नाणं टाका, म्हणजे पुढच्या कुणाला तिथे अश्मयुगीन वस्ती सापडणार नाही.

पडताळा: प्रयोगातून फक्त 'हे काम या हत्याराने होऊ शकतं' एवढं कळतं. प्रतिकृतीवरची झीज मूळ हत्यारावरच्या झिजेशी जुळली, तरच एक पायरी वर चढा.

## टप्पा १०: निष्कर्ष कसा लिहावा

प्रत्येक शक्यतेपुढे यांपैकी एक शब्द ठेवा: 'दाखवता येतं', 'बहुधा', 'शक्य', 'पुरावा नाही'. 'दाखवता येतं' म्हणायला संदर्भ, झीज आणि अवशेष यांपैकी निदान दोन स्वतंत्र गोष्टी एकाच कामाकडे बोट दाखवत असाव्यात. एकच असेल तर 'बहुधा'. नुसता आकार, वजन आणि प्रयोग असेल तर 'शक्य', मग प्रयोग कितीही छान झालेला असो.

एका हत्यारावर दोन कामं निघाली तर गोंधळू नका, दोन्ही लिहा. एका कडेने कातडं, बुडाने हाड, आणि शेवटी त्याच्यातूनच दोन छिलके काढून घेतले, असं घडू शकतं. कोणती खूण कोणत्या खुणेवर चढली आहे ते दिसत असेल तर क्रमही द्या.

लिहिण्याचा नमुना साधारण असा: 'उजव्या कडेच्या वरच्या ६ सेंमी भागात दोन्ही बाजूंना पातळ होत जाणारे खळगे आणि धारेला समांतर ओरखडे, मऊ वस्तू कापली, बहुधा. टोकाची तूट ताजी, विचारात घेतलेली नाही. अवशेष तपासलेले नाहीत.' खोडलेल्या शक्यताही कारणासकट लिहा, नाहीतर पुढचा माणूस त्याच वाटेने पुन्हा जातो.

हत्यार परत ठेवताना ते एकटंच, मऊ आधारावर आणि इतर दगडांना न टेकेल असं ठेवा. मातीच्या दोन्ही पिशव्या आणि गाळाची बाटली त्याच क्रमांकाने शेजारी असू द्या. न धुतलेल्या अर्ध्या भागावर चिठ्ठी लावा, म्हणजे पुढे कुणी तो हौसेने स्वच्छ करून टाकणार नाही.